बॅटरी भरण्याचा हिशेब

ट्रूप बाजारात इन्व्हर्टर घेण्यास आलेला ग्राहक किंमत ठरली की हमखास विचारतो, ‘वीज गेली, बॅटरी उतरली, तर पुन्हा भरण्यास किती वेळ?’ ‘रात्रभरात भरेल’ असे उत्तर देण्याचा प्रघात आहे. जमाखर्चात मुरलेल्या आपल्या समाजास हे शोभत नाही, असे आम्हांस वाटते.

१८५९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ प्लांते याने शोधलेली शिसे-आम्लाची बॅटरीच आजही बहुतेक दुकानांतून इन्व्हर्टरखाली दिसते. तीवर १५० अँपिअर-तास असे छापलेले असते. हे कोठाराचे माप होय. ती निम्मी उतरली व चार्जर १५ अँपिअरचा असला, तर ७५ भागिले १५, म्हणजे पाच तास. परंतु यात घट धरलेली नाही! धान्याप्रमाणेच विजेतही घट आहे. घातलेल्या विजेचा काही अंश उष्णतेत व वायूत जातो. सबब १५ ते २० टक्के जादा धरावे, म्हणजे सहा तास होतात. त्यातही बॅटरी भरत आली की चार्जर प्रवाह आवरता घेतो. अखेरचा हिस्सा भागाकारास जुमानत नाही. तेव्हा सात-आठ तास सांगणे प्रामाणिकपणाचे.

लिथियमच्या बॅटरीत घट थोडी, पण शेवटची चाल तशीच संथ. येथे गफलत मापांची होते. कोठीच्या गुजराती गल्लीत मिळणाऱ्या १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेने ५,००० चा फोन दोनदा भरेल, असे ग्राहक समजतो व पुढे तक्रार घेऊन येतो. पहिला आकडा ३.७ व्होल्टवरचा आहे. बाहेर वीज ५ व्होल्टने पडते. वॉट-तासांत मांडले तर बँकेत ३७, फोनमध्ये सुमारे १९. रूपांतराची तूट वजा जाता फोन जेमतेम दीड वेळा भरतो.

विजेच्या दुचाकीचा हिशेबही वॉट-तासांतच करावा. ३,००० वॉट-तासांची बॅटरी, ७५० वॉटचा चार्जर : चार तास, घटीसह पाच. तेथे ‘रात्रभर’ सांगणे आम्हांस धोक्याचे वाटते. सिकंदराबादेत १२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री विजेच्या दुचाकींच्या दालनात आग भडकली आणि त्याच इमारतीत वर लॉजमध्ये उतरलेल्यांपैकी आठ जण दगावले. घरची मंडळी जागी असताना, जिन्यापासून दूर, गाडी भरून होईल अशी वेळ ग्राहकास काढून द्यावी. बिलावर बॅटरीचे माप व चार्जरचा आकडा यांशेजारी तासही लिहावेत. त्यास एक ओळ पुरते.