चिलटाचे नाक आणि मेंदूचे कोडे

विद्यार्थ्यांनो, आपल्या वर्ध्याच्या बाजारात केळ्यांच्या गाडीभोवती घिरट्या घालणारी चिलटे तुम्ही पाहिली असतील. घरी पिकलेले केळे दोन दिवस तसेच राहिले, तर त्यावरही ती जमतात. आपण हात हलवून त्यांना उडवून लावतो. पण पिकलेले केळे कोठे आहे, हे त्यांना कसे कळते? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात एका थोर भारतीय शास्त्रज्ञाने अनेक वर्षे घालवली. त्यांचे नाव डॉ. ओबेद सिद्दिकी.

सिद्दिकी यांचा जन्म 1932 साली उत्तर प्रदेशातील बस्ती येथे झाला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकून ते पुढील अभ्यासासाठी ग्लासगोला गेले. 1962 साली डॉ. होमी भाभा यांच्या बोलावण्यावरून ते मुंबईला आले. तेथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी जीवशास्त्राचा नवा विभाग सुरू केला. पुढे त्यांनी संशोधनासाठी फळांवरची माशी निवडली.

एवढी लहान माशीच का? ती जेमतेम 3 मिलिमीटर लांब असते. एका बाटलीत शेकडो माश्या वाढवता येतात आणि सुमारे 10 दिवसांत नवी पिढी तयार होते. प्रत्येक सजीवाच्या पेशीत शरीराच्या घडणीच्या सूचना असतात. अशा एकेका सूचनेला जनुक म्हणतात. घरातला एक फ्यूज उडाला आणि फक्त स्वयंपाकघरातला दिवा गेला, तर तो फ्यूज कशासाठी होता ते आपोआप कळते. जनुकांचेही तसेच आहे. एक जनुक बिघडले की माशीचे कोणते काम अडते, हे शास्त्रज्ञ पाहतात.

अमेरिकेत सेमूर बेन्झर यांच्याबरोबर सिद्दिकी यांनी काही विलक्षण माश्यांचा अभ्यास केला. उष्णता वाढली की या माश्या निश्चल पडत. थंडावा मिळताच पुन्हा उठून चालू लागत. दोघांनी त्यांच्या शरीरातील विजेचे संदेश मोजले. 1976 साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. मज्जातंतूंचे काम जनुकांवर कसे अवलंबून असते, हे त्यातून दिसले. अशा माश्यांमधील एका जनुकासारखी जनुके माणसातही आहेत. त्यांच्यात दोष असला तर काही प्रकारचे फेफरे, म्हणजे मिरगी, होते असे पुढे आढळले.

मुंबईत त्यांना व्हेरोनिका रॉड्रिग्ज ही हुशार विद्यार्थिनी मिळाली. तिचा जन्म केनियात, गोव्याच्या कुटुंबात झाला होता. माशी पायांनीही चव, म्हणजे जायका, ओळखते. पायाला साखरेचे पाणी लागताच ती सोंड पुढे करते. गुरू-शिष्यांनी असंख्य माश्या तपासल्या आणि वास किंवा चव ओळखण्यात चुकणाऱ्या माश्या वेगळ्या काढल्या. त्यांत एक माशी अशी निघाली, की तिला ग्लुकोजची गोडी नीट कळेना, पण फळातील फ्रुक्टोज साखरेची कळे. याचा अर्थ काय? सगळ्या साखरा एकाच दाराने आत येत नाहीत. त्यांची दारे वेगवेगळी असतात! हा शोध 1981 साली प्रसिद्ध झाला.

या कामाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. 1999 साली माशीतील वास ओळखणारी जनुके सापडली. नंतर तशीच जनुके मलेरियाच्या डासातही आढळली. डास माणसाला शोधतो, त्यात वासाचा मोठा वाटा असतो. त्याला कसे फसवावे, याचा शोध आज चालू आहे. आपल्या जिल्ह्यातील कापसाचेच पाहा. गुलाबी बोंडअळीचे नर पतंग मादीच्या वासाने ओढले जातात, म्हणून शेतकरी शेतात कामगंध सापळे लावतात. हे सापळे सिद्दिकी यांनी बनवले नाहीत. परंतु कीटक वास कसा ओळखतो, हे समजण्याची वाट मोकळी करणाऱ्यांत ते होते.

बेंगळुरू येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र त्यांनीच उभारले. 2006 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. 2013 साली त्यांचे निधन झाले. 2024 साली शास्त्रज्ञांनी माशीच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा तयार केला. त्या कणाएवढ्या मेंदूत सुमारे 1 लाख 40 हजार चेतापेशी आहेत!

विद्यार्थ्यांनो, मोठ्या शोधासाठी मोठाच प्राणी लागतो असे नाही. नेमका प्रश्न आणि धीर लागतो. म्हणून प्रश्न विचारायला कधी लाजू नका.

स्वाध्याय
1. संशोधनासाठी फळांवरची माशी का निवडली जाते?
2. 1981 सालच्या शोधातून कोणती गोष्ट कळली?
3. करून पाहा : एका बाटलीत पिकलेल्या केळ्याचा व दुसरीत कच्च्या केळ्याचा तुकडा ठेवा. दोन्ही बाटल्या उघड्या ठेवून तीन दिवस चिलटे मोजा आणि वहीत लिहा.