जत्रेची गर्दी आणि पेजचा प्रेक्षक

महाशिवरात्रीच्या आठवड्यात मार्कंडा मोबाइलभर असतं. वैनगंगेत स्नान करणारे भाविक, दर्शनाची लांबलचक रांग, खेळण्यांची आणि प्रसादाची दुकानं, एसटीच्या जादा गाड्या. गडचिरोली, चंद्रपूर आणि पलीकडच्या तेलंगणातून आलेला माणूस परतताना एखादी रील टाकून जातोच. जत्रा उठली की हा ओघ आटतो. चामोर्शी तालुक्यातलं हे देवस्थान पुन्हा 'विदर्भाची काशी' आणि 'विदर्भाचं खजुराहो' या दोन बिरुदांपुरतं उरतं.

मार्कंड्यासारख्या ठिकाणाचं पेज काढावं, ते हजारो-लाखो लोकांपर्यंत न्यावं, असं या भागातल्या अनेक तरुणांना वाटतं. पहिला महिना उत्साहात जातो, मग पोस्ट विरळ होतात आणि पुढच्या शिवरात्रीपर्यंत पेज झोपी जातं. कारण साधं आहे: पेज जत्रेसारखं चालवलं जातं, आणि ते चालतं आठवडी बाजारासारखं. ठरलेला वार, ठरलेली जागा आणि गेलं की हमखास काहीतरी कामाचं मिळणार ही खात्री असली, तरच माणूस पुन्हा येतो. मोठा प्रेक्षक अशा परत येणाऱ्या माणसांचा बनतो.

नावातच निम्मं काम

पेजचं नाव ठेवताना काव्य करण्याचा मोह टाळावा. 'मार्कंडा' एवढंच नाव ठेवलं तर शोधणारा हरियाणातल्या मार्कंडा नदीवर किंवा तिच्या काठच्या शहाबाद मार्कंड्यात पोहोचेल. सप्तशृंगीसमोरचा मार्कंड्या डोंगर आहे, बेळगावकडे मार्कंडेय नदी आहे. म्हणून 'मार्कंडादेव, चामोर्शी, गडचिरोली' असं सरळ नाव चांगलं. गाव, तालुका, जिल्हा तिन्ही आले की यंत्रालाही कळतं आणि माणसालाही. परिचयाच्या चार ओळींत हे ठिकाण कुठे आहे, कसं यायचं आणि पेज कोण चालवतं, हे लिहावं. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर एकच नाव, एकच चित्र असावं. नंतर नाव बदलता येतं, पण जुने लोक गोंधळतात आणि पेज विकलं गेलं की काय, अशी शंका घेतात.

बघणारा कोण?

'सगळ्यांसाठी' काढलेलं पेज बहुधा कुणाचंच होत नाही. मार्कंड्याच्या पेजला निदान तीन प्रकारचे लोक मिळू शकतात. पहिला, दर्शनाला येऊ पाहणारा. त्याला बस कुठून मिळेल, नदीला पाणी किती, कोणतं मंदिर उघडं, हे हवं असतं. दुसरा, शिल्प आणि इतिहासाचा शौकीन, जो कदाचित नागपूर-पुण्यात बसून बघतो. तिसरा, आणि सर्वांत दुर्लक्षित, म्हणजे इथलाच, पण बाहेर गेलेला माणूस. कुणी शिकायला पुण्याला, कुणी नोकरीला नागपूर-हैदराबादला, कुणी मिरची तोडायला हंगामी मजूर म्हणून तेलंगणात. त्याला गावचा घाट, नदीचं पात्र, ओळखीचा सूर हवा असतो. आवडलेली गोष्ट नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणारा तोच असतो.

हा सूर झाडीबोलीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या बोलीचा, असायला हरकत नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी या बोलीसाठी आयुष्य वेचलं, १९९२ पासून झाडीबोलीची साहित्य संमेलनं भरू लागली. निवेदन बोलीत आणि खालच्या पट्टीवरची अक्षरं प्रमाण मराठीत ठेवली, तर घरचा माणूस सुखावतो आणि बाहेरच्याला अर्थ लागतो.

यंत्र काय मोजतं?

इन्स्टाग्रामवर एखादी रील कुणापुढे जावी, हे माणूस ठरवत नाही. ती आधी थोड्या लोकांपुढे ठेवली जाते, त्यांनी काय केलं ते पाहून पुढची पायरी ठरते. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये तीन महत्त्वाचे निकष सांगितले: लोक किती वेळ बघतात, किती जण पसंती देतात आणि किती जण ती दुसऱ्याला पाठवतात. आपल्याला आधीपासून ओळखणाऱ्यांत पसंतीचं वजन जास्त, अनोळखी लोकांपर्यंत पोहोचायचं असेल तर पाठवण्याचं. हॅशटॅगांच्या ओळीच्या ओळी लिहिल्याने पोहोच फारशी वाढत नाही, हेही त्यांनीच अनेकदा सांगितलं आहे.

याचा मार्कंड्यातला अर्थ काय? संगीत लावून मंदिरावरून फिरवलेला कॅमेरा बघून लोक 'छान' म्हणतात आणि पुढे सरकतात. पण 'शिवरात्रीला गाडी घेऊन येताय? पार्किंग इथे, घाट इकडे' अशी चाळीस सेकंदांची चित्रफीत लगेच घरच्यांना पाठवली जाते. शिल्पांचंही तसंच. सगळा मंदिरसमूह एका रीलमध्ये कोंबण्यापेक्षा एका वेळी एकच शिल्प घ्यावं आणि पहिल्या तीन सेकंदांत प्रश्न टाकावा. मार्कंडेयाला न्यायला आलेल्या यमाला शिवाने परतवलं, ही कथा सगळ्यांना ठाऊक असते. मग याच समूहात यमधर्माचंही मंदिर का आहे? माणूस थांबतो. चित्रण सकाळी किंवा संध्याकाळी करावं. कलत्या उन्हातच दगडाचा उठाव दिसतो, भर दुपारी तो सपाट होतो.

मजकुराला इथे तोटा नाही. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७० च्या दशकात हा समूह पाहून अहवालात नोंदवला. वीज पडून मुख्य मंदिराचं शिखर ढासळल्याची आणि गोंड राजवटीत डागडुजी झाल्याची हकिगत सांगितली जाते. वैनगंगा इथे उत्तरेकडे वळते, म्हणून काशीची उपमा. यांतली प्रत्येक गोष्ट एकेका भागाची आहे. 'खजुराहो' हा शब्द मथळ्यात घातला की चार लोक जास्त बघतील हे खरं. पण दर वेळी दुसऱ्याच्या नावावर उभं राहिलं, तर मार्कंड्याची स्वतःची ओळख कधी रुजणार?

मराठीत कुणी जमवला प्रेक्षक?

मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत असताना पाककृतींचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली, तेही इंग्रजीत. पुढे त्या मराठीकडे वळल्या आणि घराघरांत पोहोचल्या त्या मराठीमुळे. 'भाडिपा' हे यूट्यूब चॅनेल २०१६ मध्ये आलं, जिओने मोबाइल डेटा स्वस्त केला तेच हे वर्ष. शहरी मराठी घरातलं आई आणि मुलांचं बोलणं त्यांनी जसंच्या तसं पडद्यावर आणलं. नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी २०२० मध्ये नातवाच्या मदतीने 'आपली आजी' सुरू केलं. त्यांच्या कारल्याच्या भाजीला लाखो लोकांनी पाहिलं. मोठं स्वयंपाकघर नाही, महागडा कॅमेरा नाही. रोजचंच करताना दाखवणारा खरा माणूस होता. त्याच वर्षी त्यांचं चॅनेल हॅकरांच्या हाती गेलं होतं, ते खटपटीने परत मिळालं. तो धडाही लक्षात ठेवण्याजोगा.

झाडीपट्टीला, म्हणजे याच पूर्व विदर्भाच्या भागाला, तर प्रेक्षक जमवण्याची विद्या कुणी शिकवायला नको. दिवाळीनंतर मंडई या गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या निमित्ताने गावोगाव नाटकं लागतात, वडसा म्हणजे देसाईगंज हे त्यांचं केंद्र. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि मंडप भरलेला असतो. या रंगभूमीसाठी आयुष्य दिलेल्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नाटकाचं पत्रक पाहा: नाटकाचं नाव, कलावंतांची नावं, गाव, तारीख, वेळ. फाफटपसारा नाही. पेजवरच्या पोस्टला एवढी शिस्त आली तरी पुष्कळ.

वर्षाचं वेळापत्रक

शिवरात्रीच्या निदान पंधरा दिवस आधी वाटा, गाड्या, सोयी यांची माहिती सुरू व्हावी. लोक तेव्हाच शोधतात. जत्रेच्या दिवशी चित्रण कमी आणि खबरा जास्त द्याव्यात: रांग किती, वाहनं कुठे अडवली. मार्च-एप्रिलात मोहफुलं, त्यानंतर तेंदूपत्त्याचा हंगाम. श्रावणात सोमवारची गर्दी. दिवाळीनंतर मंडई आणि नाटकं. आठवड्याला दोन गोष्टी नेमाने टाकणं, रोज पाच टाकून महिन्यात थकण्यापेक्षा बरं. म्हणून सुरू करण्याआधीच दहा-बारा भाग तयार ठेवावेत. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या साधनांत पोस्ट आधीच रचून वेळ लावता येते.

पेजची खरी परीक्षा मात्र पावसाळ्यात असते. वर भंडाऱ्याकडे गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की वैनगंगा फुगते. तिकडे भामरागडला पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की तालुक्याचा संपर्क तुटतो. अशा वेळी फोनवर जुने पुराचे व्हिडिओ नव्या तारखेने फिरतात. मार्कंड्याच्या पेजने प्रशासनाची सूचना वेळेसह द्यावी, आपल्या घाटाचा आजचाच फोटो द्यावा आणि खात्री नसलेलं काहीही पुढे पाठवू नये. दोन पावसाळे एवढं पाळलं, तर लोक विचारायला आधी याच पेजवर येतील. आतल्या गावांत नेटवर्क मंद असतं. तिथे जड चित्रफीत उघडत नाही, एक स्वच्छ फोटो आणि चार ओळी पोहोचतात. यासाठी व्हॉट्सॲप चॅनेल सोयीचं आहे. भारतात ही सोय सप्टेंबर २०२३ मध्ये आली.

कुठे थांबायचं?

मार्कंडा हे केंद्र सरकारने संरक्षित केलेलं स्मारक आहे. भेट देणाऱ्याने साधे फोटो काढण्याला अडचण नाही. जुलै २०१८ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाने मोजके अपवाद सोडून आपल्या स्मारकांत छायाचित्रणाला मुभा दिली. पण तिपाई, दिवे, कलाकार घेऊन चित्रीकरण करायचं तर परवानगी लागते. ड्रोनला २०२१ चे नियम लागू आहेत, आणि गडचिरोलीसारख्या संवेदनशील जिल्ह्यात पोलिसांना न विचारता ड्रोन उडवणं शहाणपणाचं नाही. मुख्य मंदिराच्या जीर्णोद्धाराचं काम बराच काळ रखडलं होतं. अशा जागी सुट्या दगडांवर चढून, शिल्पाला टेकून रील करणाऱ्याला पेजने प्रसिद्धी देऊ नये. रखडलेल्या कामाबद्दल तारखांसह फोटो टाकून विचारणा करावी. ते पेजच्या कामाचाच भाग आहे.

वाघाच्या बाबतीत जास्त जपावं लागतं. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. त्याचा व्हिडिओ पसरला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गडचिरोली-चंद्रपुरात तर वाघ शेताच्या बांधावर येतो, माणसं मारली जातात. 'आत्ता इथे वाघ दिसला' अशी पोस्ट टाकली की बघ्यांची झुंबड उडते. ही खबर वनविभागाला द्यावी, पेजवर नव्हे. मृतदेहांची, अपघातांची चित्रं टाकून मिळणारे व्ह्यूज कोणत्याही पेजला शोभत नाहीत.

पैसा आणि किल्ल्या

पैशाचं गणित आधीच समजून घ्यावं. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यूज लागतात. म्हणजे पहिलं वर्ष बहुधा पदरमोडीचंच. विकत घेतलेले फॉलोअर हा निव्वळ तोटा: ते काही बघत नाहीत, आणि कुणी बघत नाही असं दिसलं की यंत्र पोस्ट दाबतं. हॉटेलवाल्याकडून पैसे किंवा फुकट मुक्काम घेतला तर तसं स्पष्ट लिहावं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची तशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि प्रेक्षकालाही ते कळायला हवं. चित्रपटातलं गाणं बिनदिक्कत लावलं तर आवाज बंद होऊ शकतो. त्यापेक्षा गावच्या भजनी मंडळाचा आवाज, त्यांना विचारून, वापरावा.

पेजचा ताबा एकाच माणसाकडे ठेवू नये. तो नोकरीला गेला, रुसला किंवा त्याचा फोन हरवला की सगळं बुडतं. निदान दोघांकडे पूर्ण अधिकार, दोघांच्याही खात्यांना दुहेरी पडताळणी, आणि 'तुमचं पेज बंद होणार आहे, इथे दाबा' अशा संदेशांना कधीही उत्तर नाही, एवढे तीन नियम पुरेत.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरापासून वेगळा झाला. तेव्हापासून बाहेरच्या जगाने त्याला बहुतेक वेळा चकमकीच्या बातम्यांतून पाहिलं. ही प्रतिमा बदलणारं काम मुंबईची जाहिरात संस्था करणार नाही, ते चामोर्शीच्या महाविद्यालयातल्या चार-पाच मुला-मुलींनाच करावं लागेल. त्यांना एवढंच सांगणं आहे: शिवरात्रीची वाट पाहू नका. पेज पावसाळ्यातच उघडा, नदीची पातळी खरी सांगा, दर आठवड्याला एक शिल्प नीट समजावून द्या आणि पहिलं वर्ष आकडे मोजू नका. जत्रेची गर्दी आपोआप येईल, तोवर तिला थांबवून ठेवण्यासारखं काही तुमच्याकडे असलं पाहिजे.