दाढ भरताना पाणी

"डॉक्टर, भारीतलं सिमेंट भरा, पैशाचं बघू नका." खुर्चीत टेकता टेकता पेशंट हे सांगतात. त्यामागची काळजी मला कळते. एकच दाढ पुन्हा पुन्हा कोरून घ्यायची हौस कुणाला असते? पण चिपळूणच्या पावसाळ्यात दाढा भरता भरता माझं मत पक्कं होत गेलं आहे. भरलेली दाढ किती टिकणार, हे सिमेंटच्या किमतीपेक्षा ते भरताना पाणी कसं सांभाळलं यावर जास्त ठरतं. प्रत्येक सिमेंटचं पाण्याशी वेगळं नातं असतं आणि तोंड तर कायमच ओलं.

समजा, खालची मागची दाढ आहे आणि दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरायचं आहे. रंग मी सगळ्यात आधी ठरवते. दात वाळला की काही मिनिटांतच पांढरट दिसू लागतो. तेव्हा निवडलेला रंग दुसऱ्या दिवशी चुकलेला दिसतो. मग रबर डॅम लावायचा. पातळ रबराच्या चौकोनाला भोक पाडायचं, त्यातून तेवढी दाढ वर काढून क्लॅम्प अडकवायचा. जीभ, गाल, लाळ सगळं खाली राहतं. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ मध्ये ही युक्ती काढली आणि आजही मला तिच्या तोडीचं दुसरं काही दिसत नाही. "गुदमरतंय गं," म्हणणाऱ्या काकूंना मी नाकाने सावकाश श्वास घ्यायला लावते, त्यांचा जीव शांत होईपर्यंत थांबते. रबर मात्र काढत नाही.

कीड काढून झाली की ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाची निळी जेल लावायची. साधारण पंधरा सेकंद ठेवायची, मग भरपूर पाण्याने धुवायची. दाताचं वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज असतं. आम्लाने त्यावर डोळ्यांना न दिसणारे खाचखळगे पडतात आणि त्यांतच भरण पकड घेतं. हवेने वाळवलं की त्याची चकाकी जाऊन ते दुधी दिसतं. मायकेल बूनोकोर यांनी १९५५ मध्ये तर ८५ टक्के आम्ल वापरून हे दाखवलं होतं. त्याआधी भरण दातात टिकावं म्हणून चांगला दातही कोरून खाच करावी लागे. निरोगी दात वाचवण्याची वाट तिथून मोकळी झाली, म्हणून या माणसाबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

खालच्या डेंटिनचं गणित मात्र उलटं. त्यात खनिज ७० टक्क्यांच्या आसपास, बाकी कोलॅजेनचे तंतू आणि पाणी. शिवाय आतल्या नसेपर्यंत जाणाऱ्या, द्रवाने भरलेल्या सूक्ष्म नळ्या. आम्लाने वरचं खनिज विरघळलं की तंतूंची जाळी पाण्याच्या आधाराने उभी राहते. तिथे जोराने हवा मारली, तर विहिरीतलं शेवाळ बाहेर काढल्यावर चिकटून बसतं तशी ती जाळी आडवी होते. मग भरण दाताला चिकटवणारा रेझिनचा द्रव, म्हणजे बाँडिंग, आत शिरत नाही, नळ्या उघड्या राहतात आणि घरी गेल्यावर गार पाण्याने कळ येते. उलट पाणी जास्त राहिलं तरी बाँडिंग पातळ होऊन पकड जाते. म्हणून इनॅमल कोरडं आणि त्याच खड्ड्यातलं डेंटिन किंचित ओलसर ठेवायचं. चमक दिसावी, थेंब साचू नये. टोकियोच्या नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये रेझिन आणि कोलॅजेन एकमेकांत मिसळून तयार होणारा थर दाखवला. सगळी पकड त्या काही हजारांश मिलिमीटरच्या थरात असते. या टप्प्यावर लाळ लागली तर तिची प्रथिनं लगेच पृष्ठभागावर बसतात आणि आम्लापासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

आता कॉम्पोझिट. राफेल बोवेन यांनी अमेरिकेत शोधलेल्या, १९६२ मध्ये पेटंट मिळालेल्या रेझिनमध्ये काचेचे बारीक कण मिसळलेले असतात. साधारण ४७० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाने ते घट्ट होतं आणि घट्ट होताना आकसतं, बहुधा दोन-तीन टक्के. ऐकायला थोडं वाटतं, पण खड्ड्याच्या सगळ्या भिंतींना एकदम चिकटलेलं भरण आकसलं की एखादी भिंत ओढली जाते किंवा कडेला फट पडते. म्हणून मी दोन-दोन मिलिमीटरचे तिरके थर देते. एका वेळी शक्य तितक्या कमी भिंतींना स्पर्श व्हावा. खुर्चीवरचा दिवाही बाजूला वळवते, नाहीतर सिमेंट हत्यारावरच आवळायला लागतं.

आमच्याकडे दाढ दुखली की लवंगेच्या तेलाचा बोळा आधी लागतो. त्याने आराम पडतोही. पण त्यातलं युजेनॉल रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. त्यामुळे "तेल लावलं होतं का?" हा माझा ठरलेला प्रश्न, आणि तो रागावण्यासाठी नसतो.

खेड्यातल्या शाळेत शिबिर असलं की मी ग्लास आयोनोमर नेते. लंडनच्या विल्सन आणि केंट यांनी १९७२ मध्ये ते जगापुढे मांडलं. काचेची भुकटी आणि आम्लाचा द्रव कागदी पॅडवर प्लॅस्टिकच्या पात्याने भराभर कालवायचा. मिश्रणावर चकाकी आहे तोवरच ते दाताच्या कॅल्शियमला धरतं. चकाकी गेली की टाकून द्यायचं, कितीही जीव हळहळला तरी. पाणी त्याच्या रचनेतच असतं. सुरुवातीच्या काळात बाहेरून पाणी लागलं तर वरचा थर भुसभुशीत होतो, आतलं उडालं तर तडे जातात. म्हणून वर पेट्रोलियम जेली किंवा वार्निश. गार काचेवर कालवलं तर हाताला वेळ मिळतो, पण जुलैत ती काच फार गार झाली की तिच्यावर दव धरतं आणि तेच पाणी मिश्रणात जातं. चावण्याच्या जोरापुढे हे सिमेंट झिजतं खरं; पण ते फ्लोराइड सोडतं आणि तापमानाने दाताइतकंच फुगतं-आकसतं. टांझानियात १९८०च्या दशकात यो फ्रेंकेन यांनी नुसत्या हातातल्या हत्यारांनी कीड काढून दात भरण्याची जी पद्धत सुरू केली, तिला पुढे याच सिमेंटने हात दिला. वीज नसलेल्या वर्गात, बाकावर आडव्या झालेल्या पोराची दाढ मी तशीच भरते.

वयस्कर मंडळींच्या तोंडात अजून "चांदी" दिसते. त्या अमाल्गममध्ये वजनाने जवळजवळ निम्मा पारा. ओलावा त्याला कॉम्पोझिटपेक्षा पुष्कळ सोसतो आणि गंजातून तयार होणारे क्षार कडेची फट हळूहळू बुजवतात. पण जस्त असलेल्या मिश्रणात भरतानाच पाणी शिरलं, तर ते काही दिवसांनी फुगून ठणका लावतं. पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून मोजके वैद्यकीय अपवाद सोडून ते भरणं थांबवलं. पर्यावरणासाठी हे योग्यच, आणि मीही नवीन भरत नाही. पण कडा शाबूत असलेली, न दुखणारी जुनी चांदी केवळ काळी दिसते म्हणून कोरून काढायला मी तयार होत नाही. ती काढताना पाऱ्याची वाफ उठते, थोडा चांगला दातही जातो. वर तिथे बसवायचं सिमेंट त्या खोल, ओल्या कोपऱ्यात तितकं टिकेल याची खात्री मला देता येत नाही.