बारा पावांची लादी

अमेरिकेतील टेनेसी राज्यात, नॅशव्हिल शहराच्या एका उपनगरात, माझ्या धाकट्या कन्येचे बिऱ्हाड आहे. आणि तेथे घालविलेल्या पहिल्याच हिवाळ्यात, शेजारच्या घरातील वृद्ध गृहस्थ निवर्तल्याची वार्ता आली त्या दुपारी, त्यांच्या चर्चमधील तीन प्रौढ स्त्रिया चकचकीत फॉइलने झाकलेले रुंद ट्रे हातांत घेऊन त्या घराच्या पायऱ्या चढताना मी खिडकीतून पाहिल्या. ट्रेमध्ये काय होते ते सायंकाळी समाचारास गेलो तेव्हा कळले, कारण येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती एक कागदी बशी दिली जात होती आणि तीत दोन चिमुकले, कोमट, लोण्याने माखलेले पाव होते: आत हॅमचे पातळ काप, त्यांना धरून बसलेले विरघळलेले चीज, आणि माथ्यावर खसखस. दक्षिणेकडील राज्यांत या पदार्थाला 'फ्युनरल सँडविच' असे नावच पडलेले आहे. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही आणि तरीही कोणी उपाशी राहू नये, म्हणून आपल्याकडे सोयऱ्यांनी 'कडू घास' नेण्याची किंवा शेजाऱ्यांनी पिठलं-भात पोहोचविण्याची जी वहिवाट आहे, तिचेच हे सातासमुद्रापलीकडील भावंड होय, असे मला त्या संध्याकाळी वाटले.

सणाच्या अंकात आरंभीच असा प्रसंग सांगितला याचा वाचकांनी राग मानू नये; कारण हाच ट्रे, हीच फॉइल आणि हेच पाव पुढे नाताळच्या मेजवानीत, फेब्रुवारीतल्या सुपर बोलच्या फुटबॉल सामन्याच्या दिवशी, आणि कन्येच्या एका मैत्रिणीच्या 'बेबी शॉवर'मध्ये, म्हणजे तिकडच्या डोहाळजेवणात, मी पुन्हा पुन्हा पाहिले. सुखाच्या व दुःखाच्या पंक्तीत ज्याला सारखाच मान मिळतो अशा पदार्थाच्या अंगी काही विशेष गुण असला पाहिजे, अशी माझी खात्री झाली, आणि तो शोधण्यासाठी त्या तीन स्त्रियांपैकी एकीच्या स्वयंपाकघरात मी एक सबंध सकाळ उभा राहिलो. त्या सकाळी शिकलेली विद्या येथे तपशीलवार मांडावी असा मानस आहे. परंतु तत्पूर्वी पावाची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तिचे एक टोक आपल्याच किनाऱ्याला बांधलेले आहे.

'पाव' हा आपला शब्द पोर्तुगिजांच्या 'पांव' या शब्दावरून आला, हे सर्वश्रुत आहे. १५१० साली आफोन्स द आल्बुकेर्कने गोवा जिंकला, आणि त्याच्या आरमारामागोमाग भट्टीत भाजलेली गव्हाची भाकर खाणारे लोक या भूमीवर स्थिरावले. यीस्टच्या अभावी माडाच्या सुरेने पीठ फुगविण्याची युक्ती येथे निघाली, पाव भाजणाऱ्याला 'पोदेर' हे नाव मिळाले, आणि गोव्याहून मुंबईस गेलेल्या बेकरीवाल्यांनी तोच पाव महाराष्ट्राच्या हवाली केला. ही झाली पूर्वेकडे आलेली शाखा. दुसरी शाखा मादैरा आणि असोरिश या पोर्तुगालच्या अटलांटिकमधील बेटांवर वाढली, आणि तिने दूध, अंडी, लोणी व साखर घालून सणासुदीचा गोड पाव घडविला. ३० सप्टेंबर १८७८ रोजी 'प्रिसिला' नावाचे जहाज मादैराहून निघालेल्या मजुरांना घेऊन होनोलुलूच्या बंदरात दाखल झाले. हवाईच्या उसाच्या मळ्यांवर करारनाम्याने राबण्यासाठी हे लोक आले होते, आणि त्यांच्या वसाहतींतून घुमटाकार दगडी भट्ट्या उभ्या राहून त्यांत तो गोड पाव भाजला जाऊ लागला. पुढल्याच वर्षी 'रेव्हन्सक्रॅग' जहाजातून आलेल्या त्यांच्या सुतारबांधवांनी आपल्या मायदेशातील छोट्या तंतुवाद्यावरून 'युकुलेले' हे वाद्य घडविले, हे संगीताच्या अभ्यासकांना ठाऊकच आहे.

या पावाला अमेरिकेच्या मुख्य भूमीवर नेण्याचे श्रेय एका तिसऱ्याच वंशाच्या माणसाकडे जाते. रॉबर्ट टाइरा हा जपानी स्थलांतरितांचा पुत्र. त्याने १९५० साली हवाईमधील हिलो गावी बेकरी काढली, आणि पोर्तुगीज शेजाऱ्यांचा गोड पाव निवल्यावर कडक होतो हे ध्यानी घेऊन, अनेक दिवस मऊ राहील असा पाव साधेपर्यंत तो त्या कृतीच्या मागे लागला. पुढे होनोलुलूच्या किंग स्ट्रीटवरील दुकानावरून धंद्याला 'किंग्ज' हे नाव लाभले, १९७७ साली कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे कारखाना उभा राहिला, आणि आज 'किंग्ज हवाइयन' या नावाने बारा-बारा पावांची जोडलेली लादी अमेरिकेच्या कोणत्याही वाणसामानाच्या दुकानात मिळते. पोर्तुगीज बेटांवरील पाक, मळ्यावरील मजुरांची भट्टी आणि जपानी कुळातील बेकरीवाल्याची चिकाटी या तिहींच्या संगमातून निपजलेली ती लादी प्रथम हातात घेतली, तेव्हा दादरच्या बेकरीतून वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेल्या लादी पावाची आकृतीच डोळ्यांपुढे उभी राहिली. बोटाने दाबले असता तशीच खाली जाऊन पुन्हा वर येणारी.

आणखी एक योगायोग येथे नोंदविला पाहिजे. ज्या इंग्रज उमरावाच्या पदवीवरून 'सँडविच' हे नाव रूढ झाले, आणि १७६२ साली इतिहासकार एडवर्ड गिबनने आपल्या रोजनिशीत ज्या खाद्याचा उल्लेख केला, त्याच चौथ्या अर्ल ऑफ सँडविचच्या सन्मानार्थ कॅप्टन कुकने १७७८ साली हवाई बेटांना 'सँडविच आयलंड्स' असे नाव दिले होते. अर्ल त्या वेळी ब्रिटिश आरमाराच्या कारभाराचा मुख्य होता. प्रिसिला जहाज तेथे पोहोचले ते बरोबर शंभर वर्षांनी. अशा चिमुकल्या सँडविचला तिकडे लावतात तो 'स्लायडर' हा शब्द मात्र अस्सल अमेरिकन असून, १९२१ साली कॅन्ससमधील विचिटा येथे स्थापन झालेल्या 'व्हाइट कॅसल' या उपाहारगृहाच्या कांद्याच्या वाफेवर शिजणाऱ्या चिमुकल्या हॅम्बर्गरांशी तो मुख्यत्वे निगडित आहे; दोन घासांत संपणाऱ्या कोणत्याही पावाला आता तो लावतात.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. बारा पावांच्या एका लादीस साधारण साडेतीनशे ग्रॅम पातळ कापलेला हॅम, सव्वादोनशे ग्रॅम स्विस चीजचे काप, सुमारे ११५ ग्रॅम लोणी, एक मोठा चमचा दिजाँ पद्धतीची मोहरी, तेवढीच तपकिरी साखर, तेवढेच वाळविलेल्या कांद्याचे तुकडे, तेवढीच खसखस, आणि दोन लहान चमचे वूस्टरशर सॉस एवढा जिन्नस पुरतो. लादीतील पाव एकमेकांपासून मुळीच सोडवावयाचे नाहीत, हे यातील पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे पथ्य. लांब, दातेरी सुरी आडवी धरून सबंध लादीचे वरचा आणि खालचा असे दोन थर करावेत. घाई केली तर सुरी वर चढते आणि एका कोपऱ्याचे पाव टोपीवाचून राहतात, म्हणून चारही बाजूंनी आधी थोडी थोडी खाच पाडून मग मध्याकडे जावे.

हॅम म्हणजे डुकराच्या मागील मांडीचे मीठ व नायट्राइट यांनी मुरविलेले मांस. त्याचा शिजल्यावरही टिकणारा गुलाबी रंग हा नायट्राइटपासून निघणाऱ्या वायूचा मांसातील रंगद्रव्याशी संयोग झाल्याने येतो. व्हर्जिनियातील स्मिथफील्डचा कोरड्या मिठात मुरविलेला, महिनोन्‌महिने टांगून ठेवलेला हॅम प्रसिद्ध आहे खरा, पण तो या कामाला फार खारट; येथे मिठाच्या पाण्यात मुरवून सौम्य धुरी दिलेला हॅमच हवा. तो विकत घेताना वेष्टनावरील मजकूर जरूर वाचावा, कारण अमेरिकन कायद्याने हॅममध्ये, चरबी वगळता, किती प्रथिन आहे त्यानुसार त्याची निरनिराळी नावे मुक्रर केली आहेत, आणि 'पाणी मिसळलेला' असे जेथे लिहिले असेल तो हॅम भट्टीत पाणी सोडून खालचा पाव चिखलासारखा करून टाकतो. दुसरा चांगला मिळत नसेल तर काप स्वच्छ कागदाने टिपून घ्यावेत. माझ्या गुरुस्थानी असलेल्या त्या बाईंनी याहून उत्तम तजवीज दाखविली: खालच्या पावावर आधी चीजचा थर, त्यावर हॅम, त्यावर पुन्हा चीज, आणि मग वरची लादी. चीज वितळले की ते दोन्ही बाजूंनी पावाला चिकटते, हॅमचा ओलावा पावापर्यंत पोहोचू देत नाही, आणि घास घेताना आतला ऐवज बाहेर सांडतही नाही. हॅमचे काप सपाट न पसरता सैलसर घड्या घालून ठेवावेत, म्हणजे मध्ये हवा राहून घास हलका लागतो.

स्विस चीजच का, असे मी विचारले. त्याची किंचित गोडसर, अक्रोडासारखी चव हॅमच्या खारटपणाला सांभाळून घेते, आणि ते तार सोडत मऊपणे वितळते, हे त्याचे उत्तर. त्यातील डोळ्यांसारखी छिद्रे आतील जिवाणूंनी सोडलेल्या कर्बवायूची असतात. आणि २०१५ साली स्वित्झर्लंडमधील आग्रोस्कोप या संशोधनसंस्थेने असे दाखविले की तो वायू साठण्यास दुधात पडलेले गवताचे अतिसूक्ष्म कण निमित्त होतात, म्हणून यंत्राने निर्मळ दूध काढले जाऊ लागल्यापासून ही छिद्रे कमी होत चालली होती. आपले पनीर मात्र येथे कामाचे नाही. आम्लाने नासवून केलेले ते छेन्याच्या जातीचे असल्यामुळे कितीही तापविले तरी वितळत नाही.

सर्वांत जास्त ममतेने करण्याची गोष्ट म्हणजे वरून ओतण्याचे लोणी. लोणी मंद आचेवर नुसते पातळ करावे, त्यात मोहरी, साखर, कांदा आणि वूस्टरशर सॉस घालून साखर विरेपर्यंत ढवळावे, आणि शेवटी खसखस टाकावी. इंग्लंडातील वूस्टर गावी ली आणि पेरिन्स या औषधविक्रेत्यांनी १८३७ पासून विक्रीस आणलेल्या या सॉसमध्ये चिंच असते, आणि बारीक मासळीही असते. ही दुसरी गोष्ट शाकाहारी पाहुण्यांसाठी वेगळा ट्रे करणाऱ्यांनी लक्षात ठेवली पाहिजे. हे मिश्रण लादीच्या माथ्यावर चमच्याने सर्वत्र सारखे सोडावे, कडेच्या फटींतूनही जाऊ द्यावे, आणि मग निदान अर्धा तास, शक्य तर रात्रभर, फॉइलने झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. लोण्याला वेळ दिला तरच ते पावात शिरते, नाहीतर ट्रेच्या तळाशी जाऊन बसते.

माझ्या मनातील प्रश्नाचे उत्तर मला याच ठिकाणी मिळाले. मेजवानीचे बहुतेक पदार्थ यजमानाला ऐन वेळी चुलीपाशी खिळवून ठेवतात. पुऱ्या तळणारी गृहिणी पंगतीतले हास्यविनोद भिंतीआडून ऐकते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. या पदार्थाचे सारे कष्ट आदल्या दिवशीच संपतात. दाराची घंटा वाजल्यावर ट्रे ओव्हनमध्ये सरकवावयाचा, आणि यजमानाने पाहुण्यांत येऊन बसावयाचे. दुःखाच्या घरी तर तेवढेही करावयाचे नसते, कारण ट्रे तयार होऊनच येतो.

ओव्हन १७५ अंश सेल्सियसवर आधी तापवून ठेवावा. पहिली पंधरा मिनिटे फॉइल काढू नये. पाव आणि लोणी दोहोंत साखर असल्यामुळे माथा फार लवकर करपतो, आणि आतले चीज तोवर घट्टच राहते. फ्रिजमधून नुकताच काढलेला ट्रे असेल तर आणखी पाच-सात मिनिटे द्यावीत. मग फॉइल काढून पाच मिनिटे उघडे भाजावे, आणि या पाच मिनिटांत ओव्हनपासून हलू नये. माथा मधाच्या रंगाचा झाला, कडांवर लोणी बुडबुडू लागले, की ट्रे बाहेर काढावा व दोन-तीन मिनिटे तसाच राहू द्यावा. सुरीने चौकोन पाडून वाढणे शिष्टसंमत आहे. परंतु माझे मत विचाराल तर लादी मध्यभागी ठेवून ज्याने त्याने आपला पाव हाताने तोडून घ्यावा, कारण तोडताना चीजची जी तार शेजाऱ्याच्या बशीपर्यंत जाते तिच्यात या खाण्याचे अर्धे सुख आहे. मांसाचा पदार्थ असल्यामुळे तो बाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये. उरलेला गार करून फ्रिजमध्ये ठेवावा व दुसऱ्या दिवशी मंद ओव्हनमध्येच गरम करावा, मायक्रोवेव्हमध्ये त्याचा पाव चिवट होतो.

पुण्या-मुंबईस हे करू इच्छिणाऱ्यांना लादी पाव अगदी सोयीचा आहे. सहा पावांच्या दोन लाद्या शेजारी शेजारी बसवाव्यात. आपला पाव गोड नसतो, म्हणून लोण्यातील साखर दुप्पट करावी, आणि तो लवकर सुकतो, म्हणून त्याच लोण्यात दोन चमचे दूध मिसळावे. हॅम वर्ज्य असेल त्यांनी धुरी दिलेली कोंबडी वापरण्यास हरकत नाही.

गेल्या दिवाळीत कन्येच्या घरी तीस माणसांचा फराळ होता, आणि शेजारच्या त्या कुटुंबालाही आमंत्रण होते. आदल्या रात्री अनारसे थापण्यासाठी काढलेल्या खसखशीतली मूठभर उरली, ती वाया जाऊ नये म्हणून मी लोण्याच्या पातेल्यात टाकली आणि दोन लाद्या रचून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी निवर्तलेल्या गृहस्थांच्या पत्नी फराळाच्या टेबलाशी आल्या, त्यांनी अनारसा उचलला, त्याच्या पाठीवरची खसखस निरखून पाहिली, मग शेजारच्या ट्रेकडे पाहिले, आणि काही न बोलता कोपऱ्यातला, सर्वांत खरपूस भाजलेला पाव तोडून माझ्या बशीत ठेवला.