नवा हात, पहिली मोटार

कापसाचा पुंजका दोन बोटांत ओढून धाग्याची लांबी सांगणारे आणि तुरीचा दाणा दाताखाली धरून ओलावा ओळखणारे व्यापारी राजुऱ्याच्या बाजारात आजही आहेत. दहा क्विंटल मालाचा सौदाही ते तपासल्यावाचून करीत नाहीत. घरातील पहिली मोटार घेण्याची वेळ आली की मात्र हीच चोखंदळ मंडळी चंद्रपूरच्या शोरूममध्ये तासभर बसतात, रंग ठरवतात, दसऱ्याचा किंवा पाडव्याचा मुहूर्त धरतात आणि सहा-सात लाखांचा सौदा करून परततात. गाडी कोणाला चालवायची आहे, हा प्रश्न त्या तासाभरात बहुधा कोणी विचारीत नाही.

पूर्वी हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नव्हता. दुकानापुरती दुचाकी असे. लग्नकार्याला, दवाखान्याला किंवा भद्रावतीच्या दर्शनाला भाड्याची गाडी चालकासह येई. आता घरातील सून, महाविद्यालयातून परतलेली मुलगी किंवा नुकताच परवाना मिळालेला मुलगा स्वतः गाडी चालवू इच्छितो. मध्यरात्री लहान मुलाला ताप भरला तर शेजारच्या चालकाला उठवावे लागू नये, ही इच्छा त्यामागे असते. तरीही निवड करताना आजोबा मायलेज पाहतात, काका पुनर्विक्रीची किंमत पाहतात, थोरला भाऊ गाडीची उंची आणि रुबाब पाहतो. परिणामी अनेक घरांत गाडी अंगणात उभी आणि परवाना कपाटात पडून, असे चित्र दिसते. एकदा फाटकाला घासली, एकदा चढावर बंद पडली, मागून ट्रकचा भोंगा वाजला. नव्या चालकाचे मन जे खचले ते कायमचे.

लहान गाडीची परंपरा

जिची लांबी बहुधा चार मीटरच्या आत असते आणि जिचा मागचा दरवाजा काचेसह वर उघडतो, ती हॅचबॅक. भारतीय मध्यमवर्ग मोटार शिकला तो याच प्रकारावर. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. अवघ्या ७९६ सीसी इंजिनाच्या त्या गाडीने तीस वर्षे देशाला गिअर टाकायला शिकवले. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. १९९८ मध्ये पुण्याच्या टाटा कारखान्यातून इंडिका आली आणि मोटारीचा आराखडाही या देशात होऊ शकतो, हे महाराष्ट्राच्या भूमीवर सिद्ध झाले. आज मोठ्या, उंच गाड्यांची हौस वाढली असली तरी नव्या हातासाठी लहान गाडीचे महत्त्व कमी झालेले नाही. तिचे चारही कोपरे चालकाच्या लवकर लक्षात येतात आणि तिची चूकही तुलनेने स्वस्त पडते.

आधी रस्ता ओळखावा

मोटार निवडताना कागदावरील आकड्यांपूर्वी रोजचा रस्ता डोळ्यांसमोर आणावा. राजुऱ्याहून बल्लारपूर दहा-बारा किलोमीटर आणि चंद्रपूर पंचवीस-तीस किलोमीटर. अंतर थोडे, पण वाट सोपी नाही. सास्ती-पोवनी परिसरातील कोळसा खाणींचे आणि गडचांदूर-आवारपूरकडील सिमेंट कारखान्यांचे अवजड ट्रक याच भागातून धावतात. कापसाच्या हंगामात मागचा दिवा नसलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या तिन्हीसांजेला अचानक पुढ्यात येतात. ट्रकच्या अगदी बाजूला किंवा पाठीला चिकटून चालणारी लहान गाडी त्या चालकाला आरशात दिसतही नाही. म्हणून लहान गाडीत पुढे जाण्याच्या वेगापेक्षा भरवशाचा ब्रेक, मोठे आरसे आणि मोकळी दृष्टी यांना अधिक किंमत द्यावी.

दुसरा प्रश्न पाण्याचा. वर्धा नदीला पूर आला की बल्लारपूर मार्गावरील पुलावरून पाणी जाते आणि वाहतूक थांबते, हे राजुरेकरांना सांगावयास नको. अशा वेळी लहान गाडी पाण्यात घालणे म्हणजे इंजिनाचा घात. हवा आत घेणाऱ्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरते. हवेप्रमाणे पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन अडतो आणि त्याचा दांडा वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला तर नुकसान कित्येक पटींनी वाढते. ती ढकलून बाहेर काढावी आणि मेकॅनिकला बोलवावे.

तिसरा प्रश्न जंगलाचा. राजुरा-विरूर भागात वाघाचा वावर नवा नाही. आठ जणांचे बळी घेतलेला आरटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये याच परिसरात पकडला गेला. रानडुक्कर, नीलगाय, चितळ रात्री रस्ता ओलांडतात. जीव त्यांचाही आहे आणि आपलाही. चौथा प्रश्न उन्हाचा. चंद्रपूर जिल्ह्याचा पारा ४६-४७ अंशांवर जातो. दुपारच्या उन्हात उभी राहिलेली गाडी किती वेळात थंड होते, हे वातानुकूलन सुरू करून प्रत्यक्ष पाहावे. मायलेजच्या आकड्यापेक्षा ते अधिक उपयोगाचे ठरते.

मग हात ओळखावा

शोरूममध्ये चालकाच्या आसनावर सर्वप्रथम त्या व्यक्तीने बसावे, जी गाडी चालवणार आहे. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो काय? बॉनेटची कड दिसते काय? मान वळवली असता मागची काच पुरेशी मोकळी आहे काय? ठेंगण्या व्यक्तीसाठी आसनाची उंची वरखाली करण्याची सोय चैनीची बाब नसून गरजेची आहे, आणि ती बहुधा सर्वांत स्वस्त प्रकारात नसते.

आकाराचे गणितही हातात असावे. अल्टो के-१० ची लांबी सुमारे साडेतीन मीटर, वॅगन-आरची सुमारे ३.६५ मीटर, टियागोची त्याहून थोडी अधिक. बाजारातील गल्लीत वळताना हा वीतभराचा फरक जाणवतो. व्यापारी घराला डिकीही पाहावी लागते. वॅगन-आरची डिकी ३४१ लिटर, टियागोची २४२, अल्टोची २१४. दुकानातून नमुन्याची दोन-तीन पोती घरी आणायची असतील तर हा आकडा बोलतो. सीएनजी घेतल्यास टाकी डिकीतील मोठी जागा खाते, हेही त्याच वेळी मोजावे. आणि नेहमीच्या वाटेवर पंप किती अंतरावर आहे, हे त्याआधी.

क्लचची भीती ज्यांना अधिक वाटते त्यांच्यासाठी एएमटी हा मधला मार्ग आहे. भारतात २०१४ साली सेलेरिओतून तो लहान गाडीत आला. गिअरपेटी नेहमीचीच असते. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. म्हणून त्याची किंमत पूर्ण स्वयंचलित गाडीपेक्षा कमी असते. गिअर बदलताना गाडी किंचित थबकते; ट्रकला ओलांडताना हा थबका जमेस धरावा लागतो. चाचणी फेरी शोरूमच्या सपाट रस्त्यावर न घेता चढावर, गर्दीत आणि शक्यतो आपल्या नेहमीच्या रस्त्यावर घ्यावी.

एक लहानशी गोष्ट आपल्या घरांच्या दृष्टीने. वरच्या प्रकारांत स्टीअरिंगवर किंवा आसनांवर चामड्याचे आवरण असू शकते. नोंदणीपूर्वीच ते कशाचे आहे, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

तारे, पिशव्या आणि पट्टा

२०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच लहान गाड्यांची धडक-चाचणी घेतली तेव्हा पाचांनाही शून्य तारे मिळाले. त्यानंतर चित्र बदलले. २०२० मध्ये अल्ट्रोजला पाच आणि टियागोला चार तारे मिळाले. २०२३ मध्ये अल्टो के-१० ला दोन आणि वॅगन-आरला एकच तारा मिळाला. पुढे २०२५ मध्ये या दोन्ही गाड्यांत सहा एअरबॅग सर्व प्रकारांत देण्यात आल्या. तथापि एअरबॅगची संख्या आणि सांगाड्याची मजबुती या दोन वेगळ्या बाबी आहेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपल्या देशाची चाचणी सुरू झाली आहे. ज्या प्रकारची आणि ज्या वर्षाची गाडी घ्यायची, तिचाच चाचणी-निकाल विक्रेत्याकडून मागून घ्यावा.

एबीएस असलेल्या गाडीत संकटकाळी ब्रेक जोराने दाबला की पायाखाली थरथर जाणवते. नवा चालक घाबरून पाय उचलतो. वस्तुतः ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करीत असल्याची खूण आहे. पाय दाबलेलाच ठेवून स्टीअरिंग वळवावे. ही गोष्ट मोकळ्या मैदानात एकदा करून पाहिली तर ती आयुष्यभर लक्षात राहते.

आणि पट्टा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. गाडी महागडी होती. मागे बसलेल्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. लहान गाडीतही मागे बसणाऱ्या आजीपासून नातवंडापर्यंत सर्वांनी पट्टा लावणे, हे सर्वांत स्वस्त संरक्षण होय.

हिशेब : दर, विमा आणि नाव

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ टक्के अधिक १ टक्का उपकर यांवरून १८ टक्क्यांवर आला. या बचतीतून मोठी गाडी घेण्याचा मोह होतो. ती रक्कम चांगल्या विम्यात आणि सुरक्षित प्रकारात घालणे अधिक शहाणपणाचे.

कर्ज घेताना 'फ्लॅट' दराचा अर्थ समजून घ्यावा. पाच लाख रुपये पाच वर्षांसाठी ७ टक्के फ्लॅट दराने घेतल्यास व्याज १,७५,००० रुपये आणि हप्ता ११,२५० रुपये होतो. हे प्रत्यक्षात घटत्या शिलकेवरील सुमारे साडेबारा टक्के व्याज आहे! तेच कर्ज घटत्या शिलकेवर ९ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे १०,३७९ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १,२२,७५० रुपये पडते. मुदत सात वर्षे केली तर हप्ता ८,०४५ रुपयांपर्यंत उतरतो, पण व्याज पावणेदोन लाखांच्या पुढे जाते. हप्ता हलका वाटतो. ओझे मात्र वाढलेले असते.

गाडी फर्मच्या नावे घ्यावी काय, हा व्यापारी घरांतील नेहमीचा प्रश्न. आयकरात मोटारीवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो; वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाल्यास त्याच्या निम्मा. घरगुती वापराचा वाटा वजावटीस पात्र नसतो. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेखाली विवरण भरणाऱ्यांना घसारा वेगळा मागता येत नाही. मोटारीवर भरलेल्या जीएसटीचे इनपुट क्रेडिटही सामान्य व्यापाऱ्यास मिळत नाही. दुसरीकडे, मालक-चालकासाठीचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण मालक ही व्यक्ती असेल आणि तिच्याकडे परवाना असेल तरच लागू होते. गाडी फर्मच्या किंवा परवाना नसलेल्या आजोबांच्या नावे असेल तर ते मिळत नाही. करात वाचणारे काही हजार आणि सुनेचे किंवा मुलाचे संरक्षण यांची तुलना एकाच कागदावर करावी. जी व्यक्ती गाडी चालवणार, तिच्याच नावे नोंदणी करणे अनेकदा अधिक हिताचे ठरते.

नव्या गाडीस तीन वर्षांचा तृतीय-पक्ष विमा सक्तीचा आहे. त्यासोबत झीरो-डेप्रिसिएशन आणि इंजिन-संरक्षण ही जोड घ्यावी. पाण्याने इंजिन अडकल्याचे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा भरून मिळत नाही, आणि वर्धेच्या काठच्या गावात ही बाब किरकोळ नाही.

हात बसेपर्यंत ओरखडे पडणारच, म्हणून पहिली गाडी जुनी घेण्याचा विचारही योग्य आहे. मात्र ती शक्यतो २०२२ किंवा त्यानंतर बनलेली असावी, कारण तोपर्यंत एबीएस आणि पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग कायद्याने सक्तीच्या झाल्या होत्या. नोंदणीपत्रावरील बँकेचा बोजा उतरला आहे काय हे पाहावे आणि खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावे करण्यासाठी अर्ज द्यावा.

पहिले सहा महिने

गाडी आली की पेढे वाटले जातात, कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. त्यानंतर घराने आणखी एक गोष्ट करावी. पहिले सहा महिने नव्या चालकाने उजेडातच, ओळखीच्या रस्त्यावर, सोबत एक अनुभवी व्यक्ती घेऊन गाडी चालवावी; आणि त्या व्यक्तीने शक्य तितके मौन पाळावे. शेजारून सतत येणाऱ्या सूचनांनी नवा हात जितका गोंधळतो तितका तो ट्रकच्या भोंग्यानेही गोंधळत नाही.

सूर्यास्तापूर्वी जेवण करण्याची सवय आपल्या अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. संध्याकाळच्या धुरकट प्रकाशात बैलगाडी आणि नीलगाय दोन्ही दिसेनाशी होतात, तेव्हा ही सवय नव्या चालकाला आपसूक घराच्या दिशेने वळवते. सहा महिन्यांनी गाडीवर दोन-चार ओरखडे असतील. पण एखाद्या रात्री बाळाला ताप भरला, तर किल्ली घ्यायला कोणाला शेजारी जावे लागणार नाही.