मोजणीने सापडलेले कारण

आपल्या लोणी भापकरसारख्या गावात जुलाबांची साथ आली, की जाणती माणसे प्रथम काय विचारतात? ‘पाणी कुठल्या विहिरीचं प्यायलात?’ आजारी कोण पडले, कोण नाही आणि दोघांत फरक कोणता, याच्या मोजणीतून रोगाचे कारण शोधणारे शास्त्र म्हणजे साथरोगशास्त्र. कर्करोगालाही ते लागू पडते.

१८४२ साली रिगोनी-स्टर्न या इटालियन डॉक्टरांनी व्हेरोना शहराच्या मृत्युनोंदी तपासल्या. गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत अधिक, तर मठातील जोगिणींत विरळा! मग शरीरसंबंधातून काही पसरत असेल काय? १९८३ साली जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझेन यांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पॅपिलोमा गटाचा एक विषाणू सापडला.

पण चोरीच्या जागी दिसला म्हणून तोच चोर ठरतो का? पुरावा हवा. एक पुरावा एड्सने दिला. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खचते, पॅपिलोमा विषाणू शरीरात ठाण मांडतो. अशा स्त्रियांना या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो.

दुसरा पुरावा आपल्या महाराष्ट्रातला. १९९९ साली टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांनी परदेशी शास्त्रज्ञांसह उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात अभ्यास सुरू केला. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे समूहांचे चार गट पाडले. एका गटात विषाणूची तपासणी करून गरजेप्रमाणे उपचार केले. तुलनेच्या गटात नेहमीचीच व्यवस्था ठेवली. आठ वर्षांनी मोजणी झाली. तपासणीच्या गटातील सुमारे ३४ हजारांपैकी ३४ स्त्रिया या रोगाने दगावल्या होत्या. तुलनेच्या गटातील सुमारे साडेएकतीस हजारांपैकी ६४. आणि ज्यांच्यात विषाणू आढळला नव्हता, त्यांच्यापैकी एकही दगावली नव्हती!

तुलनेच्या गटाला तपासणी का दिली नाही, अशी टीका पुढे झाली. ती विसरू नका. प्रयोगशाळेतला लंबक पुन्हा झुलवता येतो. इथला प्रत्येक आकडा म्हणजे कुणाची तरी आई होती.

कारण कळले की उपाय सुचतो. या विषाणूवरील लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही बनवली असून ती २०२३ साली बाजारात आली. मुलींना ती लहान वयातच टोचायची असते. घरी आई-आजीला विचारा, ‘तुमची तपासणी झाली आहे का?’