एकाच हाताची दोन वये

जुन्नर-आंबेगावच्या शाळांतील मुलांना एक निरीक्षण करायला सांगावे. घरी आजी-आजोबांच्या पालथ्या पंजाची त्वचा आणि दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा त्यांनी नीट पाहावी. पंजा रापलेला, सुरकुतलेला. दंडाची आतली बाजू मात्र बरीच मऊ व नितळ. दोन्हींचे वय एकच, अन्न एकच, आनुवंशिकताही एकच. मग हा फरक कशाचा? मुख्यतः उन्हाचा.

बाह्यत्वचेखालच्या थरात कोलॅजन या प्रथिनाचे धागे त्वचेला बळकटी देतात, तर इलॅस्टिनचे धागे ताणलेली त्वचा पूर्ववत करतात. वयाबरोबर ही घडण सर्वांचीच ढिली होते. उन्हातील अतिनील किरण मात्र ही झीज लवकर घडवतात. त्यांच्यामुळे त्वचेतील पेशी कोलॅजन तोडणारी विकरे अधिक प्रमाणात तयार करतात. मेलॅनिन हे रंगद्रव्य या किरणांना बऱ्याच अंशी अडवते, म्हणून सावळी त्वचा गोऱ्या त्वचेपेक्षा उशिरा सुरकुतते. पण ही ढाल पुरी पडत नाही.

हे दोन्ही तालुके 19 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस असा वर्षातून दोनदा येथे सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो. उन्हाळ कांद्याची काढणी आणि उन्हाळी टोमॅटोची तोडणी नेमकी कडक उन्हात येते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हा अतिनील किरण तीव्र असतात, असा सोपा ठोकताळा आहे. मैदानात काठी रोवून दर तासाला तिची सावली मोजली, तर धोक्याचे तास मुलांना स्वतःच ठरवता येतील.

उन्हाला इतर गोष्टींची साथ मिळते. विडी-सिगारेटमुळे त्वचेचा रक्तपुरवठा घटतो आणि कोलॅजनची हानी होते. दीर्घकाळच्या मानसिक ताणामुळे कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढून त्वचेची दुरुस्ती मंदावते. अमेरिकेत 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांची छोटी जखम भरायला इतर स्त्रियांपेक्षा सरासरी 9 दिवस जास्त लागले होते.

आहाराचे काय? कोलॅजन बनण्यासाठी प्रथिने आणि क जीवनसत्त्व लागते. डाळी-कडधान्ये, आवळा, पेरू, लिंबू यांतून ते मिळते. नारायणगावच्या बाजारात ढिगांनी येणाऱ्या टोमॅटोत क जीवनसत्त्वाबरोबर लायकोपीन हे लाल रंगद्रव्यही असते. तेलात शिजवलेल्या टोमॅटोतून ते शरीरात अधिक शोषले जाते. मात्र आहार त्वचेला दुरुस्तीचे साहित्य पुरवतो. भर उन्हात तो छत्रीचे काम करू शकत नाही.

शेतात साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून डोक्याला फडके बांधणाऱ्या मजूर बायका म्हणूनच शास्त्रीयदृष्ट्या योग्य तेच करतात. त्यात रुंद काठाची टोपी आणि दुपारी सावलीतली विश्रांती यांची भर पडावी. याउलट, गोरे करण्याचा दावा करणाऱ्या काही मलमांत स्टेरॉइड असते. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ते लावत राहिल्यास त्वचा पातळ होते. रापलेला रंग हा दोष नाही, तो त्वचेने केलेला बचाव आहे. एवढी एक गोष्ट वर्गात पटली, तरी अनेक मुलींचे पैसे आणि त्वचा दोन्ही वाचतील.